जिवंत बाईच्या कबरीवरच्या तीन चिठ्ठ्या

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानूही नका. ओल्डरसममध्ये माझं बोलणं कुणी खरं मानत नाही आणि त्याला जबाबदार मीच आहे. वावटळीनं माझी डुकरीण उचलली, तीन मैलांवर नेऊन ठेवली, आणि ती उतरली तेव्हा तिच्यामागं चार पिल्लं होती, हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय. पहिल्या वर्षी पिल्लं दोन होती. पण या गोष्टीपुढं डुकरिणीची गोष्ट म्हणजे बायबल. इतकी निर्लज्ज गोष्ट माझ्यासारख्याला रचतासुद्धा आली नसती. ती रचायला कोट घालून खुर्चीवर बसणारी माणसं लागतात.

ऑक्टोबरात मक्याची काढणी चालली होती. धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर ट्रकांची रांग लागलेली, आणि रांगेतली माणसं ऑफिसात येऊन चहा पीत बसलेली. काटा सांभाळणारा गेर्ड होता. तिथं मी ही गोष्ट पहिल्यांदा सबंध सांगितली. जशी सांगितली तशीच लिहितो.

त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जुलैसारखं ऊन पडलं. दुपारी कुत्री ट्रकाखालून बाहेर येईनात. रस्त्याचं डांबर बुटाला चिकटायला लागलं. शेतकऱ्यांना ठीक होतं, मका भराभर वर आला. पण माझी बायको हिल्का सकाळी मागच्या दारात उभी राहिली, वाफ्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "मेलो."

हिल्का गावातलं फुलांचं दुकान चालवते. गावात एकच आहे. दुकान म्हणजे आमच्या घराची रस्त्याकडची खोली, एक काचेच्या दाराचा फ्रिज, आणि घरामागं पिओनीचे नऊ लांब वाफे. तिच्या आजीनं लावलेले. मी गाडी चालवतो. डुकरं काढून टाकल्यापासून माझ्याकडं दोनच कामं आहेत, फुलं पोचवायची आणि कुठंही गप्पा न मारता परत यायचं. पहिलं काम मी चोख करतो.

पिओनी म्हणजे कोबीच्या गड्ड्याएवढं फूल. स्वतःच्याच वजनानं मान टाकतं. एरवी ते मे महिन्याच्या अगदी शेवटी उमलतं, कबरी सजवायच्या सोमवारच्या दोन दिवस आधी, मेलेल्यांशी ठरवून घेतल्यासारखं. त्या सोमवारी गावात राहिलेला आणि गावातून गेलेला प्रत्येक माणूस आपल्या माणसाच्या कबरीवर फुलं ठेवतो. ज्या कबरीवर फुलं नाहीत तिच्याकडं सगळे आधी बघतात, आणि मग त्या घरातलं जे कुणी जिवंत आहे त्याच्याकडं बघतात. बोलत कुणी नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता फुलं तीन आठवडे आधीच फुटायला निघाली होती. मग हिल्कानं तिच्या आजीची रीत काढली. पहाटे दवातच वाफ्यात शिरायचं. कळी अंगठ्यानं दाबून बघायची. गोटीसारखी कडक लागली तर सोडून द्यायची, ती घरात कधीच उमलत नाही. पाकळी सुटली असेल तर उशीर झाला. पावासाठी मळलेल्या पिठासारखी दबली की कापायची. पानं ओरबाडायची, मुंग्या झटकायच्या, पाणी अजिबात लावायचं नाही, कोरडीच वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये आडवी निजवायची. तीन आठवडे झोपते. मग देठाचं टोक छाटून कोमट पाण्यात उभी केली की दुपारपर्यंत डोळे उघडते.

हिल्काला एकाहत्तरावं चालू होतं. डाव्या गुडघ्यात पाणी झालेलं. ती एका वाफ्यात वाकायची ती तशीच वाकलेली दुसऱ्या वाफ्यात जायची, कारण सरळ व्हायला जास्त त्रास. मी मागं बादल्या घेऊन. अकरा दिवसांत आम्ही दोन हजार कळ्या कापल्या. तिच्या बोटांच्या पेरांना चिकाचे काळे डाग पडले, ते रविवारी चर्चला जातानाही निघेनात, म्हणून तिनं हातमोजे घातले, उन्हाळ्यात.

दुकानातला फ्रिज दोन दिवसांत भरला. मग आमचा स्वयंपाकघरातला. मग शेजाऱ्यांचे. शेवटी ओल्डरसममधला एकही फ्रिज उरला नाही. गावातलं हॅम व्हरांड्यात टांगलं होतं आणि बिअर विहिरीत सोडली होती. पाद्रीबाबांच्या फ्रिजात लोण्यालासुद्धा जागा राहिली नाही, तेव्हा त्यांनी सलग दोन रविवार हावरटपणावर प्रवचन दिलं.

गेर्ड म्हणाला, त्याच्या फ्रिजात फक्त एक पुडकं ठेवलं होतं, आणि विहीर गावात एकही नाही. मी म्हणालो, गेर्ड, तू काट्याकडं बघ.

कळ्या झोपल्या. पण फोन वाजेना. एरवी मे महिन्याच्या मध्यावर आमचा फोन खाली ठेवता येत नाही. गावची पोरं सगळ्या देशभर पांगलीत, ती त्या सुमाराला फोन करतात. हिल्काकाकू, आईच्या कबरीवर गुलाबी ठेव. हिल्काकाकू, बाबांना पांढरी, आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून डब्यात खाली दगड टाक. पत्ता कुणी सांगत नाही, लागतही नाही. त्या वर्षी फोन आले ते बोटांवर मोजण्याइतके. हिल्का दिवसातून दोनदा रिसीव्हर उचलून कानाला लावायची, तार चालू आहे ना बघायला. मला वाटलं, पोरं विसरली. गावाला शेवटी विसरतातच. तिनं वाफ्यात जाऊन तण काढलं.

सोमवारच्या आधीचा शनिवार. मी स्मशानात गवत कापायला गेलो. ते कामही माझंच, कारण तिथं गप्पा मारायला कुणी नाही असं हिल्काला वाटतं. यंत्र ढकलत मी उब्बो साथोफच्या दगडापाशी आलो आणि थांबलो.

उब्बोला जाऊन सहा वर्षं झालेली. दगडावर डावीकडं त्याचं नाव आणि दोन्ही साल. उजवीकडं त्याच्या बायकोचं नाव, ट्रिन्ट्ये साथोफ, जन्मसाल, एक छोटी आडवी रेघ आणि पुढं कोरी जागा. आमच्यात दोघांचं एकदमच कोरून घेतात, कारागीर पुन्हा बोलवावा लागत नाही. ट्रिन्ट्येमावशी अठ्ठ्याऐंशीची आहे, आमच्या घरापासून दोन मैलांवर राहते, आणि दर रविवारी चर्चनंतर त्या दगडासमोर उभी राहून आपलं नाव वाचते. तिला त्यात काही वाटत नाही.

तिच्या नावावर तीन चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. पिवळ्या, मागं गोंद असलेल्या. पहिलीवर छापलं होतं: आपण घरी नव्हता. माल नाशवंत असल्यामुळे सहीशिवाय देता येत नाही. उद्या पुन्हा येऊ. दुसरी दुसऱ्या दिवसाची, आपण आजही घरी नव्हता. तिसरीवर लाल शिक्का होता, शेवटचा प्रयत्न. आणि खाली पेनानं लिहिलं होतं, बेल सापडली नाही.

मी बूट काढून बसलो. चांगला तासभर बसलो असेन. मी शहात्तर वर्षांचा आहे, निम्मं आयुष्य डुकरांत आणि निम्मं खोटं बोलण्यात घालवलंय, पण माणूस एवढ्या मोठ्या दगडासमोर उभा राहून बेल शोधेल हे माझ्याच्यानं रचलं गेलं नसतं. एकदा नाही. तीन दिवस.

चिठ्ठ्या ओढल्या तर गोंद दगडावर राहिला. मावशीच्या नावावर तीन चिकट चौकोन. दुसऱ्या दिवशी रविवार.

घरी आलो तेव्हा हिल्काचा फोन चालू होता. ती ऐकत होती, आणि हातातली कात्री उघडी होती. पलीकडं विआर्ड. ट्रिन्ट्येमावशीचा एकुलता एक मुलगा. लांब वायोमिंग राज्यात तेलाच्या विहिरीवर असतो. सहा वर्षांत त्याचा आवाज आमच्या घरात आलेला नव्हता, आणि आला तो असा, की हिल्काकाकू, तुला मी दहा दिवसांपूर्वी फुलं सांगितली, पाद्रीबाबांना विचारलं तर ते म्हणतात आईकडं काहीच आलं नाही, तू माझ्यावरचा राग माझ्या फुलांवर काढू नकोस.

हिल्का म्हणाली, मला कुणी काही सांगितलं नाही. तो म्हणाला, तुझ्या दुकानाच्या पानावर सांगितलं, इंटरनेटवर, पैसे घेतल्याची पावती आहे. हिल्का म्हणाली, विआर्ड, माझ्या दुकानाला पान नाही. माझ्या दुकानाला पाटीसुद्धा नाही.

तेव्हा आम्ही पाद्रीबाबांच्या कंप्युटरवर बघितलं. "ओल्डरसमची ताजी फुलं." वर आमच्या गावाचं नाव, ठळक. खाली लिहिलेलं, तुमच्याच गावातलं, तुमच्याच माणसांचं दुकान, आजीच्या काळापासून. बाजूला विटांच्या दुकानाचा फोटो, आणि दुकानासमोर नारळाचं झाड. ओल्डरसममध्ये जानेवारीत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते.

चोरायचं तर चोरा. पण चोरलं काय, गावाचं नाव. चारशे बारा माणसं, एक चर्च, एक कोठार आणि ते नाव, एवढंच आमच्याकडं आहे. आणि आमचीच पोरं, परक्या गावात रात्रपाळी करून आल्यावर मेलेल्या आईला फुलं पाठवायला बसली की त्या नावावर बोट ठेवतात, कारण त्यांना वाटतं पलीकडं हिल्का आहे. त्यांनी पत्तेसुद्धा तसेच लिहिले होते. विआर्डनं काय लिहिलं असेल? "ट्रिन्ट्ये साथोफ, आयबेनचं शेत, ओल्डरसम." साथोफ मंडळी त्या शेतावर त्रेपन्न वर्षं आहेत, पण गाव त्याला अजून आयबेनचंच शेत म्हणतं. इथं शेताला तुमचं नाव लागतं ते तुम्ही गेल्यावर. हिल्काला ते बरोबर कळलं असतं. साठ मैलांवरून आलेल्या गाडीवाल्याला आयबेनचं शेत कुठल्याच नकाशात सापडलं नाही. ट्रिन्ट्ये साथोफ हे नाव मात्र अख्ख्या तालुक्यात एका जागी लिहिलेलं सापडलं.

घरी परत आल्यावर मी खिशातून चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. हिल्कानं तिन्ही वाचल्या आणि विआर्डला पुन्हा फोन लावून सांगितलं. फुलांचं जाऊ दे, ती म्हणाली, माझ्याकडं फ्रिज भरून फुलं आहेत. कार्डावर तू काय लिहिलं होतंस तेवढं सांग, मी लिहून देते.

"नाही सांगता येणार," विआर्ड म्हणाला. "सहा वर्षं लागली मला ते लिहायला, काकू. तोंडानं नाही येत." आणि मग म्हणाला, आता विहिरीवर चाललोय, मंगळवारपर्यंत फोन लागणार नाही.

इथं थोडं मागं जायला हवं. उब्बो फेब्रुवारीत गेला. एप्रिलातल्या एका रविवारी, आई चर्चमध्ये बसलेली असताना, विआर्डनं तिच्या अठ्ठावीस दुभत्या गाई ट्रकांत चढवल्या आणि विकल्या. मावशी घरी आली तेव्हा गोठ्याची दारं सताड उघडी. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लोकांनी तिला विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, विआर्डनं विकल्या. पुढं काही बोलली नाही, आणि बोलायची गरजही कुणाला वाटली नाही. त्या गाईंची नावं तिनं ठेवलेली, बाळंतपणं तिनं केलेली. गावानं त्याला वाळीत टाकलं असं मी म्हणणार नाही, असं आमच्यात करत नाहीत. फक्त तो या ऑफिसात आला की कुणी खुर्ची सरकवून जागा करीना. तो उभ्यानं चहा प्यायचा. आणि एक दिवस तो दाराकडं निघाला असताना मी त्याच्या पाठीला ऐकू जाईल असं म्हणालो, की बापाच्या कबरीची माती अजून बसली नाही आणि यानं आईची दावण रिकामी केली. लोक हसले. मी हसवण्यासाठीच बोललो होतो. तो जूनमध्ये वायोमिंगला गेला. आई आणि मुलगा तेव्हापासून बोललेले नाहीत.

म्हणजे ते कार्ड. सहा वर्षांत त्यानं आईला पाठवलेले पहिले शब्द. ते कुठल्या तरी खोक्यात होते आणि खोक्यावर लाल शिक्का बसला होता.

हिल्कानं त्या पानावरच्या नंबराला फोन लावला. चाळीस मिनिटं पियानो ऐकला. तेवढ्या वेळात तिनं दीडशे देठांची पानं उतरवली. मग एका मुलीनं उचललं. गोड आवाज, थकलेली, काहीतरी खात होती. ओल्डरसमची ताजी फुलं, म्हणाली, काय सेवा करू?

हिल्कानं विचारलं, बाळ, तू कुठं बसली आहेस. मुलगी म्हणाली, ओल्डरसममध्येच, मॅडम, मेन स्ट्रीटवर.

"मीही मेन स्ट्रीटवरच आहे," हिल्का म्हणाली. "खिडकीतून हात कर बघू."

खाणं थांबलं. मग मुलीनं समोर लिहिलेलं वाचायला घेतलं. विआर्डच्या पावतीचा नंबर दिल्यावर म्हणाली, गाडीवाला तीन दिवस गेला, ग्राहक घरी नव्हता. हिल्कानं सांगितलं, ती कबर आहे. मुलगी म्हणाली, ग्राहक मयत असेल तर मृत्यूचा दाखला पाठवावा लागेल. हिल्कानं सांगितलं, ग्राहक जिवंत आहे. मुलगी म्हणाली, मग ग्राहकानं स्वतः फोन करावा, विआर्डच्या फोनवर एक आकडा येईल तो सांगावा, म्हणजे पुढची चौकशी होईल. हे सगळं ती सभ्यपणे बोलत होती. तोच तर संताप. शिवी दिली असती तर आपल्याला तिच्यात माणूस तरी सापडला असता.

मग हिल्का म्हणाली, खोका ठेवून घ्या, पैसेही घ्या. कार्डावर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखव.

"ते ग्राहकाशिवाय कुणाला सांगता येत नाही, मॅडम."

"पण तुझ्यासमोर आहे?"

"हो."

"तू वाचलंस?"

मुलगी आवाज खाली करून म्हणाली, "वाचलं. छान लिहिलंय, मॅडम." आणि फोन कापला गेला. तिनं कापला की कुणी कापला, कोण जाणे.

मी चहा ओतला. आमच्या लोकांत चहा असा असतो: कपात आधी खडीसाखर, वर कडक चहा, वर साय, आणि ढवळायचं नाही. आधी साय लागते, मग कडू, मग शेवटी गोड. ढवळणाऱ्या माणसाला आमच्यात अर्धवट समजतात. हिल्कानं चमचा घेतला आणि कप ढवळला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदा बघितलं. चमचा कपाला लागत होता, टणटण, आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

मी म्हणालो, मावशीलाच बोलावून आणू, तिच्याकडून फोन करवू.

"तिनं?" हिल्का म्हणाली. "सहा वर्षांनी लेकाचे दोन शब्द आलेत, आणि ते ऐकायला म्हातारीनं परक्या पोरीच्या विनवण्या करायच्या? सही दे, आकडा सांग, जिवंत असल्याचं सिद्ध कर? माझ्या दुकानाच्या नावावर हे होणार नाही, हार्म. सोमवारी तिच्या हातात कार्ड पाहिजे."

ती केरोसिनची बाटली आणि चिंधी घेऊन स्मशानात गेली. दुखऱ्या गुडघ्यावर बसून तिनं दगडावरचा गोंद घासून काढला. आणि चिठ्ठ्यांवर ज्या गोदामाचा पत्ता होता तिकडं जायला मी गाडी काढली.

"साठ मैल," गेर्ड म्हणाला. "तुझ्या त्या गाडीत?"

साठ मैल, गेर्ड, त्या गाडीत, आणि वारा समोरून. इतका समोरून, की ब्रेक लावला की गाडी मागं जायची. दोनदा मी एकाच पुलावरून गेलो. शेवटी त्या गाडीवाल्यांचं गोदाम आलं. लांबी एवढी, की या टोकाला दुपारचे तीन वाजले होते आणि त्या टोकाला दोन. दारात एक साहेब, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात यंत्र. मी तिन्ही चिठ्ठ्या त्याच्यापुढं धरल्या. त्यानं यंत्रात बघितलं आणि म्हणाला, आहे, नष्ट करायच्या मालात आहे, पण मिळणार नाही, फक्त ट्रिन्ट्ये साथोफ यांनाच मिळेल.

मी म्हणालो, मीच ट्रिन्ट्ये साथोफ.

त्यानं माझ्या मिशीकडं बघितलं. यंत्राकडं बघितलं. पुन्हा मिशीकडं. यंत्रात मिशीचा रकाना नव्हता. त्यानं ते माझ्यापुढं केलं आणि मी बोटानं सही केली.

ऑफिसातली माणसं हसली. एक जण चहा नाकात जाऊन खोकायला लागला. गेर्डनं विचारलं, आठवडाभर बंद खोक्यात, त्या उन्हात, फुलं राहिली कशी? मी म्हणालो, ताज्या फुलांची हमी दिली होती ना त्यांनी, त्यांचं तेवढं एकच बोलणं खरं निघालं. खोका उघडला तर आत गुलाबी पिओनी, दवाच्या थेंबासकट. आणि वर कार्ड.

काय लिहिलं होतं, गेर्डनं विचारलं. आता कुणी हसत नव्हतं.

मी सावकाश सांगितलं. "आई, गाई विकल्या ते चुकलं. माफ कर. विआर्ड."

सोमवारी सकाळी वारा सुटला होता. स्मशानात सगळं गाव, चांदीच्या कागदात गुंडाळलेले कॉफीचे डबे, डब्यांत दगड, दगडांत हिल्काच्या पिओनी. आदल्या दिवशी कोमट पाण्यात उभ्या केलेल्या, आता टपोऱ्या उमललेल्या. पण तीस-पस्तीस कबरी मोकळ्या होत्या, कारण त्यांची फुलं सांगितली होती नारळाच्या झाडाच्या दुकानाला. हिल्कानं एकही मोकळी ठेवली नाही. लंगडत, एकेका दगडापाशी जाऊन, कुणी न सांगितलेले डबे तिनं रोवले. कुणी विचारलं तर म्हणायची, पोरांनी पाठवलीत.

ट्रिन्ट्येमावशी निळा कोट घालून, काठी टेकत आली. मी तिच्या हातात फुलं दिली आणि म्हणालो, विआर्डकडून. तिनं कार्ड हात लांब करून धरलं. आठ शब्द ते, पण ती ते एवढा वेळ वाचत राहिली, की मला वाटलं डोळे गेले हिचे. मग घडी घातली आणि हातमोज्यात सरकवली. फुलांकडं बघून म्हणाली, "वाईट नाहीत." आमच्याकडं याहून मोठी स्तुती नाही. आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिनं पाद्रीबाबांच्या घरी जाऊन दार आतून लावून घेतलं आणि वायोमिंगला फोन लावला. पाऊण तास. पाद्रीबाबा अंगणात उभे होते.

जुलैत विआर्ड आला. गवताच्या गठड्या रचायला तीन आठवडे राहिला. याच ऑफिसात आला, आणि तेव्हा मी स्वतः उठून त्याला माझी खुर्ची दिली, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. चुकलेल्या माणसानं माफी मागितली की गावानं ती पदरात घ्यावी, एवढं आम्हाला कळतं. पण मंडळी, विचार करा. त्या कोटवाल्यांच्या हातात असतं तर ते कार्ड जळालं असतं. आणि त्यांच्या पानावर आजही नारळाचं झाड उभं आहे, आणि खाली आमचं नाव आहे. एका म्हाताऱ्यानं खोटी सही केली म्हणून एका आईला तिचा मुलगा...

एवढ्यात दाराच्या फटीतून मक्याचा भुसा माझ्या कपात आला. मी दाराला पाठ करून बसलो होतो. गेर्डनं केव्हाच टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मला वाटलं, ती कार्डासाठी.

"हार्म," मागून आवाज आला.

ट्रिन्ट्येमावशी दारात काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. मी विचारलं, मावशी, किती वेळ उभी आहेस.

"तू गोदामात पोचलास तेव्हापासून," ती म्हणाली. "तू कुठल्या गोदामात गेलाच नाहीस. खोका कधी मिळालाच नाही. फुलं हिल्काची होती आणि कार्ड तू लिहिलंस. मला तिथंच कळलं, उब्बोसमोर."

बाहेर काट्यावर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, गेर्ड उठला नाही. मी कसंबसं म्हणालो, अक्षरावरून ओळखलंस?

"अक्षरावरून कसलं. कार्डं सगळी दुकानातच लिहितात." मावशीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गाई विकायला विआर्डला मीच सांगितलं होतं. मला झेपत नव्हत्या. पण मला बघवणार नव्हतं, म्हणून म्हटलं, मी चर्चला गेल्यावर ने. आणि मग तुम्ही सगळ्यांनी पायऱ्यांवर विचारलंत, तर मला लाज वाटली आणि मी त्याचं नाव सांगितलं. सहा वर्षं पोरानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. आणि तू त्याला माझी माफी मागायला लावलीस?"